राखेच्या पाण्यावरची गाडी

धनकंवरबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की गाडी पाण्यावर चालवा नाहीतर ताकावर, पण कच्चं पाणी जाळायचं नाही. कच्च्या पाण्यात जीव असतात. जिने जन्मभर गाळल्याशिवाय पाणी ओठाला लावलं नाही, तिच्याच दारात तिच्या नवऱ्याने ते बरण्या भरभरून जाळायचं म्हणजे काय!

नवरा म्हणजे शहाद्याचे नेमीचंद टाटिया. उभं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलं. गादीवर बसले की तोंडाचा पट्टा सुरू. घरी आले की मुकाट जेवायचं आणि आडवं व्हायचं. सत्तरी ओलांडल्यावर दुकान मुलाच्या, पारसच्या हाती दिलं आणि होतं नव्हतं ते बोलणंही संपलं. दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायचे. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत.

अशात कुणीतरी त्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ पाठवला: पेट्रोल सोडा, पाण्यावर गाडी पळवा. झालं, म्हातारबुवा उठले! अंगणात धूळ खात पडलेली जुनी मारुती धुऊन काढली. दिलवरसिंगच्या गॅरेजमधून स्टीलच्या पट्ट्या, वायरी, नळ्या आणल्या. बरणीत पाणी, पाण्यात पट्ट्या, पट्ट्यांना बॅटरीची वीज. त्यातून वायू निघणार आणि तो इंजिनात जाणार, असा सगळा बेत. पण घरच्या फिल्टरचं पाणी ढिम्म. एक बुडबुडा येईल तर शपथ. चार दिवस खटपट करून ते पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

बाईंना ते बघवेना. त्यांच्या स्वयंपाकघरात राख घातलेलं पाणी रोज तयार असायचं. राख मिसळली की पाण्यातले जीव राहत नाहीत, असं त्यांचा जैन धर्म सांगतो; मग ते साधूसाध्वींनाही चालतं. त्यातलं निवळलेलं तांब्याभर पाणी त्यांनी नवऱ्यासमोर आदळलं.

"जाळायचंच आहे तर हे जाळा. निदान पाप तरी लागायचं नाही."

राखेतल्या क्षाराने म्हणा, बाईंच्या पुण्याईने म्हणा, बरणी सोड्यासारखी फसफसली. नळी इंजिनाला जोडल्यावर पेट्रोलच्या जोडीने गाडीही सुरू झाली आणि नेमीचंद लहान पोरासारखे हसले. तसं हसताना बाईंनी त्यांना लग्नानंतर कधी पाहिलंच नव्हतं.

मग रोजचंच झालं. सकाळी बाई तांब्या घेऊन अंगणात यायच्या, स्टूल ओढून गाडीपाशी बसायच्या. ते कार्बुरेटर समजावून सांगायचे. बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कार्बुरेटरवरून गोष्ट कुठल्या कुठे जायची. तरुणपणी जीपच्या टपावर कापडाचे गठ्ठे बांधून डोंगरातल्या मोलगीच्या बाजाराला जायचो, पावसात एकदा सगळं भिजलं, तिथल्या बाया कोणत्या रंगाला भुलायच्या, सगळं निघायचं. एवढी वर्षं हा माणूस हे सगळं कुठे ठेवून बसला होता, कोण जाणे.

एकदा गाडी बघायला आलेला दिलवरसिंग, नेमीचंद आत गेलेले पाहून, हळूच म्हणाला, "काकू, गाडी पेट्रोलवरच चाली ऱ्हायनी. बुडबुडा नुसता दखाले शेतस."

म्हणजे बुडबुडे नुसते दाखवण्यापुरते! "त्यास्ले सांगू नको, भाऊ," त्या म्हणाल्या. गाडीचं काही का होईना, माणूस पुन्हा मुका झाला तर तो कुठल्या गॅरेजात दुरुस्त करायचा?

आणि नेमके त्याच आठवड्यात नेमीचंद म्हणाले, "मोलगीला जाऊ. घाट नुसत्या पाण्यावर चढवतो." त्यासाठी पेट्रोलच्या नळीला सीटपाशी कॉकही बसवून घेतला. बाईंनी पोटदुखीपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्या सबबी सांगून पाहिल्या. ऐकतील तर ना!

तळोदा मागे पडलं, पुढे घाट लागला. एका चढावर नेमीचंदनी कॉक बंद केला. गाडी थोडी पुढे गेली, आचके दिले आणि थांबली. बाईंनी उतरून चाकामागे दगड लावला आणि परत येऊन बसल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचा धीर त्यांना होईना.

"मला माहीत होतं," नेमीचंद म्हणाले. "दिलवरसिंगने केव्हाच सांगितलंय. मीच त्याला म्हटलं, काकूला बोलू नकोस. गाडी पाण्यावर चालत नाही हे कळलं असतं तर तू तांब्या घेऊन आली नसतीस. घरी सांगायला जीभ रेटेना, म्हणून इथवर आणलं." त्यांनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्."

क्षमेचे हे शब्द दर वर्षी संवत्सरीच्या सणाला ते अख्ख्या गावाला म्हणत. असे एकट्या बायकोसाठी पहिल्यांदाच म्हटले.

बाईंनीही हात जोडले. "मग मलाही म्हणू दे. मिच्छामि दुक्कडम्. त्याने मलाही सांगितलं होतं."

मग बाईंना जे हसू फुटलं ते आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. मागून आलेल्या जीपवाल्याने थांबून विचारलं, काय झालं, ढकलू का?

"नको रे बाबा," नेमीचंद म्हणाले आणि कॉक उघडला.

गाडी सुरू झाली तशा बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "उद्या दुसरं काहीतरी खूळ काढा. कसलंही. फक्त मला शेजारी बसता आलं पाहिजे."