परदेशी गेलेल्या चाळीस कवळ्या

मी कवळ्या करतो. माप घेण्यापासून पॉलिश करण्यापर्यंत सगळं एकहाती, राहत्या घराच्या मागच्या खोलीत. तिथे एक लांब टेबल आहे, गॅसची शेगडी आहे, प्लास्टरचं पिंप आहे, गुलाबी मेणाचे पत्रे आहेत आणि फळीवर ओळीने मांडलेले गावातल्या निम्म्या मान्यवरांचे जबडे आहेत. कुणाचे दात त्याचे स्वतःचे आणि कुणाचे माझे, हे मला एकट्यालाच ठाऊक. गावात मला जो काही मान आहे तो याच धास्तीने असावा.

हा झाला धंदा. पण माझं खरं काम म्हणजे चर्चच्या मिशन कमिटीचं चिटणीसपद, अशी माझी वीस वर्षं ठाम समजूत होती. कमिटीपुढे दरवर्षी वाद एकच: सुवार्तेचं आणि सेवेचं काम आपल्या गावात करायचं की समुद्रापलीकडे? मी समुद्रापलीकडचा. मंडळीत मला ‘परराष्ट्रमंत्री’ म्हणत. मी चिडल्याचं सोंग करायचो आणि घरी येऊन आरशापुढे तोच शब्द हळूच म्हणून बघायचो.

कमिटीच्या खोलीत मी जगाचा मोठा नकाशा लावला होता. ज्या ज्या देशासाठी प्रार्थना व्हायची, तिथे टाचणी. आपला देश त्यावर होता, नाही असं नाही, पण तो कोपरा कपाटामागे गेला होता आणि कपाट हलवायला कुणाला सवड नव्हती. आमचं मिशन हॉस्पिटल ज्या देशात, तिथल्या नद्यांची नावं मला उगमापासून पाठ. आमच्या समोरच्या घरात कोण राहतं, ते मात्र ताईला विचारावं लागायचं.

माझे विरोधक म्हणजे नळवाले. गावातले सगळे नळ त्यांच्या हाताखालून गेलेले. सभेत ते फार बोलत नसत. “जिथे गळतंय तिथे पाना लावायचा. आपल्याच गल्लीत गळतंय,” एवढं म्हणून खाली बसत. त्यावर मी पाऊण तास बोलायचो. बोलायला मी कमी नाही. चर्चचे पाळकसाहेब घड्याळाकडे बघू लागले की मला वाटायचं, ते माझं बोलणं मनात टिपून घेताहेत.

आता ताई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तिथून पुढे आई म्हणजे ताईच. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. तिचा आवाज असा स्वच्छ, की लोक लावून घेतलेला नंबर विसरून तिच्याशीच बोलत बसत. तिचं लग्न झालं, यजमान लवकर गेले, आणि ती माझ्याकडे राहायला आली. मी लग्न केलं नाही. कमिटीमुळे वेळ मिळाला नाही, असं मी सांगतो. ताई म्हणते, कुणी विचारलंच नाही.

चर्चमध्ये शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, ताई वाचायची. आणि वार्षिक सभेत मिशन हॉस्पिटलचं पत्रही तीच. आमच्याकडे एक रीत आहे: परदेशाहून आलेलं ते पाकीट आधी कुणीही फोडायचं नाही. सभेत, सगळ्यांसमोर फोडायचं आणि तिथल्या तिथे मोठ्याने वाचायचं. ताईने वाचलं की शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनाही अक्षर न् अक्षर कळायचं.

तीन वर्षांपूर्वी ताईचे उरलेसुरले दात काढावे लागले. मी म्हटलं, “तीन महिने हिरड्या भरू दे, मग तुला अशी कवळी करतो की खऱ्या दातांनी लाजावं.” तीन महिने झाले. ताई मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “धाकट्या, माझं माप कधी घेतोस?” मी मान वर न करता म्हणालो, “पेटी गेली की.”

पेटी म्हणजे आमच्या मंडळीकडून दरवर्षी त्या हॉस्पिटलला जाणारी मदतीची पेटी. ती गेली. मग पुढच्या पेटीची तयारी सुरू झाली. ताईने परत विचारलं नाही. तिने शास्त्रपाठ सोडला, मग पत्र वाचणं सोडलं, मग शेवटच्या बाकावर बसू लागली आणि गाणी तोंड मिटून ऐकू लागली. कुणी विचारलं तर मी सांगायचो, “वय झालं हो, घसा साथ देत नाही.” ताईला सफरचंद फार आवडतं. रोज सकाळी स्वयंपाकघरातून किसणीचा आवाज यायचा. मी आत मेण तापवत विचार करायचो, बघा, या वयात फळं खाते, किती नियमित.

मी मूर्ख आहे असं म्हणून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं. पण हा माझा धंदा आहे हो.

आणि त्याच काळात मला ती थोर कल्पना सुचली. पेटीत दरवर्षी कपडे, चादरी, साबण. मी ठरवलं, यंदा दात पाठवायचे. माझ्याकडे लोकांनी नेल्याच नाहीत अशा अकरा कवळ्या पडून होत्या. कुणी गाव सोडलं, कुणी जग. उरलेल्या एकोणतीस मी फळीवरच्या जुन्या साच्यांवर नव्याने केल्या. लहान, मध्यम, मोठी. दर कवळीवर चिठ्ठी. एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही हे मला माहीत नव्हतं का? ते तर मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. पण चपला मापात मिळतात, सदरे मिळतात, मग दातांनीच काय घोडं मारलंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर ‘चाळीस’ हा आकडा सभेत कानाला गोड लागत होता. चिठ्ठ्या ताईने लिहिल्या. तिचं अक्षर चांगलं. चाळीसावी चिठ्ठी झाल्यावर तिने पेनला टोपण लावलं आणि ती सफरचंद किसायला गेली.

वर्षाने सभा भरली. नळवाल्यांनी ठराव आणला होता: यंदापासून पेटी बंद, सगळं काम गावातच. मी पाऊण तासाची तयारी करून गेलो होतो. आधी पत्र. मी पाकीट फोडलं आणि वाचायला लागलो. पत्र तिथल्या मोठ्या नर्सबाईंचं होतं, नेहमीसारखं प्रेमळ.

‘चाळीस कवळ्या पोचल्या. आम्ही सगळ्यांच्या तोंडात घालून पाहिल्या. एका आजोबांना वरची जवळजवळ बसते, ते फोटोपुरती लावतात. बाकीच्या कपाटात नीट ठेवल्या आहेत.’ सभा खुसखुसली. मीही हसलो, चिटणिसाला खेळकर राहावं लागतं. पुढे होतं, ‘पण तुमच्या मंडळीचं फार कौतुक वाटतं. एवढे दात इतक्या लांब पाठवता, म्हणजे तुमच्या गावात बिनदातांचं एकही माणूस उरलं नसणार. आणि पूर्वी पत्र वाचायच्या म्हणून तुम्ही कळवायचात, त्या ताई कशा आहेत? त्यांना म्हणावं, हे पत्र तुम्हीच वाचा.’

मी हे मोठ्याने वाचून बसलो. रीतच तशी, आधी बघता येत नाही. कुणीतरी मागे वळून पाहिलं, मग सगळ्यांनीच. ताई शेवटच्या बाकावर होती. तिने पदर तोंडाशी नेला.

नळवाले माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस उठणार आणि माझी सालटी काढणार. त्यांनी नुसती मान खाली घातली. ते फार लागलं. पाळकसाहेब म्हणाले, “ठराव महिन्याने घेऊ.”

घरी येताना मी म्हटलं, “ताई, उद्याच माप घेतो.” दुसऱ्या दिवशी ती खुर्चीत येऊन बसली. मी साच्यात प्लास्टर कालवलं, तिच्या तोंडात धरलं आणि घट्ट होईपर्यंत धरून ठेवलं. तेवढा वेळ तिला बोलता येत नव्हतं. माफी मागायला याहून चांगली संधी माणसाला मिळत नाही. मी प्लास्टरच्या प्रतीबद्दल बोलत राहिलो.

माप निघालं ते मी उजेडात धरून पाहिलं. दात नसले की खालचं हाड झिजत जातं. वरचं ठीक होतं. खाली कवळी धरायला पाळच, म्हणजे हिरडीचा उंचवटाच, उरली नव्हती, नुसतं सपाट. तीन वर्षांपूर्वी घेतलं असतं तर मस्त बसली असती. हे मी तिला सांगितलं. सांगावंच लागलं, नाहीतर पुढे कवळीला नावं ठेवली गेली असती, आणि मला तेही सोसवलं नसतं.

ती म्हणाली, “मग जशी होईल तशी कर.”

महिनाभर मी दुसरं काम हातात घेतलं नाही. खालची कवळी चार वेळा मोडून पाच वेळा केली. ती घालून ताई थोडं, सावकाश बोलली तर ठीक, शब्द वाढले की कवळी उसळायची.

महिन्याने सभा भरली. नर्सबाईंना जायचं उत्तर ताईने लिहिलं होतं आणि तेही तीच वाचणार होती. ती पुढे गेली, चष्मा लावला. पहिल्या दोन ओळी तशाच, टेलिफोनवरच्यासारख्या. बहिरे आजोबा मान हलवू लागले. तिसऱ्या ओळीला खालची सुटली. ताई थांबली. तिने सगळ्यांसमोर ती काढली, हातरुमालात गुंडाळली, बाजूला ठेवली आणि पुढे वाचू लागली. आता अर्धी अक्षरं निसटत होती. मी पहिल्या बाकावर होतो. निसटलेलं एकेक अक्षर माझं होतं, आणि मला उठून जाताही येत नव्हतं.

तिने लिहिलं होतं, ‘त्या कवळ्या फेकून द्या. पेटी बंद होऊ नये असं मला वाटतं. तिकडच्या एकेका माणसाचं माप प्लास्टरमध्ये घेऊन पाठवा. माझा भाऊ एकेक करून देईल. त्याला घाई करू नका, इथेही बरेच जण आहेत. समोरच्या घरातल्या आजी आहेत, नळवाल्यांचे वडील आहेत.’

नळवाल्यांचे वडील. इतकी वर्षं मी नळवाल्यांशी भांडत होतो आणि त्यांच्या घरात बिनदातांचं कुणी आहे, हे मला माहीत नव्हतं. नळवाल्यांनी उठून ठराव मागे घेतला. त्यावर माझं भाषण झालं नाही. सभेच्या इतिवृत्तात पहिल्यांदाच माझ्या नावापुढे काही लिहायचं नव्हतं, आणि इतिवृत्त मीच लिहितो.

घरी परतताना ताईचा हात धरून चालत होतो. मी म्हटलं, “ताई, खालची मी परत करतो. वेगळ्या तऱ्हेने करून बघतो.”

“कधी, पेटी गेली की?” ती म्हणाली.

तिने टोमणा मारला नव्हता. तिने खरंच विचारलं होतं, म्हणजे मग तेवढे दिवस सफरचंद किसायचं की कसं.