मनीषानं मनचं लिहिलं नव्हतं

हे मी आजवर कुणाजवळच बोललेले नाही. माझं तोंड वेळेवर कधी उघडतच नाही — आणि उघडलं, ते खोटं बोलायला. चौथीपर्यंतच शाळा झाली, म्हणून सावकाश लिहिते आहे. पण राग इतका आहे की पेनानं कागद फाटतो.

मनीषा माझी धाकटी नणंद. बीडला तिची स्वतःची खोली आहे — दोन खुर्च्या, एक टेबल, बाहेर नावाची पाटी. मनानं खचलेल्या माणसांचं ती ऐकून घेते, त्यांना सावरते. त्यासाठी नेकनूरहून रोज एसटीनं बीडला जाऊन बी.ए. केलं, मग संभाजीनगरला एम.ए., मग दवाखान्यात याच कामातल्या मोठ्या बाईंच्या हाताखाली दोन वर्षं, मग अंबाजोगाईकडं दारू सोडवायच्या केंद्रात. आता पाहुणे आले की सासूबाई सांगतात, आमी शिकवलं. कुणी शिकवलं? तिचं एक वर्ष या घरानं खाल्लं. घरानं — हेही खोटंच. मी खाल्लं.

एम.ए.ला असताना तिला एका माणसाचं चार-पाच वेळा बसून ऐकायचं होतं आणि नाव न घालता लिहून कॉलेजातल्या बाईंना दाखवायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा मी म्हणाले, माझं ऐक. ती नको म्हणाली, घरचं माणूस घ्यायचं नसतं. हट्ट मी धरला. मी — जी पाहुण्यांपुढं पाणी ठेवून आत पळते! का धरला? ऐकायला शिकलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

घरचे कापूस वेचायला गेले की दुपारी आम्ही ज्वारी निवडत बसायचो. तिसऱ्या दिवशी ते निघालं. दुसरी मुलगी झाली तेव्हा तिला जवळ घ्यावंसंच वाटायचं नाही मला. एकदा तिला शेताच्या बांधावर झोपवून मी रस्त्यापर्यंत गेले होते — परत न येण्यासाठी. एसटी आली, थांबली, गेली. मी चढले नाही, एवढंच. मनीषानं मला वाईट म्हटलं नाही. बाळंतपणानंतर काही बायांना असं होतं, म्हणाली, हे दुखणं असतं, त्याला इलाज असतो.

आणि मी तिला काय दिलं?

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी तिची वही माझ्या नवऱ्याच्या हाती लागली. नाव नव्हतं, पण बांध होता, एसटी होती, दुसरी मुलगी होती. त्यांनी आम्हां दोघींना समोर उभं केलं.

"ही तू हायस का?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले. "तिनं मनचं लिहिलंय."

इतकं पटकन मी जन्मात कधी बोलले नव्हते.

मग तिला विचारलं. मनीषानं माझ्याकडं पाहिलं — एकदाच. ऐकण्याआधी तिनं एका कागदावर माझी सही घेतली होती — माझं ऐकून लिहायला माझी हरकत नाही म्हणून. तो कागद पिशवीतून काढला असता तर ती सुटली असती. पण ऐकलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, असा त्यांच्या कामाचा नियम असतो.

"व्हय दादा," ती म्हणाली. "मनचंच हाय."

मी काय केलं? भाकरी थापायला आत गेले.

तिला वर्षभर घरात बसवलं. परीक्षा बुडाली. नवरा पारावर हसून सांगायचा, "आमची मनी लोकायच्या नावानं कायबी लिहिती बे." गावानं ते धरून ठेवलं. पुढच्या वर्षी ती दोन दिवस जेवली नाही, तेव्हा कुठं सासऱ्यांनी जाऊ दिलं.

नवऱ्याचा राग येतो. सासूबाईंचा येतो. मनीषाचाही येतो — का नाही दाखवला कागद? एकदा तरी शिवी का नाही दिली? अजून येते ती, वहिनी म्हणून शेजारी बसते. पण या सगळ्यांवर राग काढून मला कुठं जायचंय? तिचं नाव मी घालवलं. आमच्या गावातलं एकही माणूस तिच्या खोलीची पायरी चढत नाही.

गेल्या महिन्यात पिठाच्या गिरणीवर गल्लीतली एक बाई आपल्या सुनेचं सांगत होती. सून बाळंत झाल्यापासून बाळाकडं बघत नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहते. मनीषाकडं न्यावं का, असं तिच्या मनात होतं. दुसरी लगेच म्हणाली, "तिकडं कावून नेती? लई मनचं लिहिती ती." मग ती पहिली माझ्याकडं वळली.

"तुमच्याच घरातली हाय, तुमीच सांगा. खरं हाय का हे?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. माझं दळण झालं होतं. डबा उचलला आणि घरी आले.

त्या पोरीला मनीषाकडं नेलं नाही. तिला काय झालंय ते मला ठाऊक आहे. मी अजून सांगितलेलं नाही.