सिस्टरांनी शिकवलेल्या दोन नळ्या

माझं अक्षर खराब आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही. पुढे शाळाच सुटली. कोणी हे वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. दोन माणसांत मला तोंड उघडता येत नाही, म्हणून लिहिते. मालती सिस्टर गेल्या त्याला दीड महिना झाला. त्याच्या तीन दिवस आधी, त्या कोसळल्या त्या दुपारी, घरचं माणूस त्यांच्या तोंडात पाणी घालायला आलं आणि मी आडवी आले. सिस्टर तहानलेल्या गेल्या का, ही भीती तेव्हापासून मला सोडत नाही...

सिस्टर सरकारी दवाखान्यातून रिटायर होऊन श्रीवर्धनला आपल्या सुपारीच्या वाडीत राहायला आल्या. सोबत त्यांची नणंद, ताराआक्का. आमच्या कोळीवाड्यातून मी त्यांच्याकडे मासळी घेऊन जायची. एकदा सिस्टर म्हणाल्या, "मला बीपी आहे, साखर आहे. उद्या मी पडले तर डॉक्टरला फोन कोण करणार? वन्सं सांगतील, मालतीला दृष्ट लागली. म्हणून तू शिक." मी घाबरून म्हटलं, मला नाही जमायचं. त्या म्हणाल्या, "सुरमई साफ करतेस ना? मग अर्धं येतंच तुला."

त्या दिवशी विळीवर सुरमई होती. कलेजी दाखव म्हणाल्या, दाखवली. हृदय? मी कल्ल्यांच्या खाली बोट ठेवलं. "बरोबर. आता तुझं हृदय कुठं?" मी आपला हात गळ्याशी नेला. माशाचं तिथंच असतं, मला दुसरं काय ठाऊक? सिस्टर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, तू काय सुरमई आहेस?"

आतून आक्का ओरडल्या, "न्हाय गो, बोंबील हाय ती! हाडं कुठं हायत तिला?"

मग रोज एक शब्द. फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंड. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्यांनी एक बाई काढून दिली होती, पोट उघडलेली. ती बघून मला धीर येण्याऐवजी भीतीच वाटायची. एवढं सगळं आत चालू असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. डोक्यावर टोपली घेऊन चालताना मी आपलं आत ऐकत राहायची, काही थांबलं तर नाही ना... सिस्टर रागवायच्या. "डॉक्टरला 'कसंतरी होतंय' म्हणायचं नाही. कुठं, कोणत्या बाजूला, किती वेळ झाला, एवढं सांगायचं."

सगळ्यात जास्त त्यांनी गळा शिकवला. मासा तोंडानं पाणी घेतो आणि कल्ल्यांतून सोडतो, तोच त्याचा श्वास. माणसाच्या गळ्यात दोन नळ्या. पुढची श्वासनलिका, मागची अन्ननलिका. आपण गिळतो तेव्हा वाऱ्याच्या नळीवर एक झाकण बसतं. "शुद्ध गेली, लकवा आला, की त्या झाकणाचा भरवसा नाही. घोटभर पाणीसुद्धा फुप्फुसात जाईल. माणूस कोरड्यावर बुडेल. घालू द्यायचं नाही. कोणी कितीही सांगो." मी मान हलवली. कोणाला अडवायची वेळ माझ्यावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्या दुपारी मी कोलंबी घेऊन गेले तर सिस्टर ओटीवर खुर्चीत बसलेल्या. "किती आणलीस" म्हणताना त्यांची जीभ जड झाली. चष्मा घसरला, तोंडाचा कोपरा खाली आला, उजवा हात मांडीवरून निसटून लोंबायला लागला. मी किंचाळले. शेजारच्या बायका धावल्या. आम्ही त्यांना खाली घेऊन डाव्या कुशीवर ठेवलं. तोवर आक्का देवापुढचा तांब्या घेऊन आल्या. "दोन थेंब घाल. गंगेचं हाय यात."

"नको, आक्का." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"जीव जातोय तिचा! व्हय बाजूला!"

मी त्यांचा हात धरला. तांब्या हिसकला गेला, पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं. तेवढ्यात सिस्टरांचे ओठ हलले. "बघ, मागतेय ती!" आक्का रडायला लागल्या. सिस्टरांचे डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होते की तांब्याकडे, ते मला आजही सांगता येणार नाही. मी हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं डॉक्टरांना फोन लावला. "उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं. बोलता येत नाही. दहा मिनिटं झाली." डॉक्टर म्हणाले, थांबू नका, माणगावला न्या.

माणगावच्या दवाखान्यात पहिलं तेच विचारलं, तोंडानं काही दिलंय का? मी नाही म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. चूक की बरोबर, कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टर गेल्या.

तेरा दिवस आक्कांनी त्या खुर्चीपाशी दिवा आणि पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. सकाळी गेलं की पाणी थोडं उतरलेलं दिसायचं. त्या बायकांना दाखवायच्या, "बघा, पिऊन गेली. आमच्या हातून न्हाय मिळालं तिला." उन्हाळ्यात पाणी आटतंच, हे मला कळत होतं. तरी मी त्या तांब्याला वळसा घालून जायची. मी त्या घरी मासळी देणं बंद केलं.

गेल्या आठवड्यात निरोप आला, आक्का तापानं पडल्यात, पेज दिली तर ठसका लागतोय, तुला बोलावलंय. जाऊ नये असंच वाटत होतं. गेले. आक्का उताण्या पडल्या होत्या आणि शेजारीण तशाच तोंडात चमचा घालत होती. मी त्यांना उठवून बसवलं, पाठीला उशी लावली, हनुवटी खाली घेतली. आक्का धापा टाकत बघत राहिल्या.

"तिला बी असं बसवून दिलं असतंस तर?"

हा प्रश्न मी इतके दिवस स्वतःला विचारत होते. "आक्का, त्यांना गिळताच येत नव्हतं," मी म्हटलं. एवढं मोठ्यानं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. "दिलं असतं तर माझ्या हातून बुडाल्या असत्या."

आक्कांनी पेजेकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मी अर्धा चमचा पेज घातली आणि दोन बोटं त्यांच्या गळ्यावर हलकीच ठेवली, गळा शिकवताना सिस्टर माझ्या गळ्यावर ठेवायच्या तशी. कातडीखालचा उंचवटा वर गेला, खाली आला.

"गेलं?" मी विचारलं.

"गेलं," आक्का म्हणाल्या. "घाल."