बिनमालकाची बंदूक

२२ ऑक्टोबर १९५३, सकाळी साडेसात. अर्जुनीकडच्या एका गावाच्या चावडीत आम्ही बंदुकांच्या नोंदणीसाठी बसलो होतो. मी नायब तहसीलदार. सोबत हत्यारे तपासणारा हवालदार. धान पिकत आले होते. रानडुकरांपासून ते राखण्यासाठी गावाने तरुणांचे बंदूकधारी पथक केले होते. पथकाचे पुढारी डोमाजी पटेल यांनी एकच बंदूक समोर ठेवली.

"रोज रात्री चार ठिकाणी बार होतात, पटेल. बाकीच्या कुठे आहेत?"

"बार कायचे, साहेब? पोट्टे टिनाचे डबे वाजवून रायले."

"नोंद केली की परवाना मिळेल. माझा शब्द आहे."

"तुमच्या आंधीच्या साहेबाचाबी होता. विलेक्शनच्या टायमाले बंदुका जमा केल्या. त्या अजून येऊनच रायल्या."

चावडी हसली. मी हसलो नाही.

त्या ठासणीच्या बंदुका होत्या. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे घालून लोखंडी गजाने ठासायचे. भरलेली की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. लपवलेल्या बंदुका कोणा एकाच्या नव्हत्या, गावभर फिरत. पहाटे राखण संपली, की देणाऱ्याने पुढच्याला "भरून हाय" असे सांगायची रीत होती. आम्ही येणार म्हणून त्या पहाटे बंदुका घाईने तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात गेल्या. सांगायचे राहिले. हे मला मागाहून कळले.

दिवेलागणीला शेताकडून आवाज आला. "हा बार नव्हे, नळी फुटली," हवालदार म्हणाला. डोमाजींचा धाकटा भाऊ सखाराम याने भरलेल्या बंदुकीतच पुन्हा दारू ठासली होती.

त्याला उचलून घरी नेले होते. मी पटेलांच्या घरी पोचलो तेव्हा दार बंद होते. डोमाजी आडवे उभे राहिले.

"फटाका होता, साहेब. दिवाळी येऊन रायली."

उंबऱ्यावर रक्त होते.

"जीप उभी आहे. त्याला गोंदियाच्या दवाखान्यात नेऊ."

"अना मंग तेथून? ठान्यात?"

"त्याचे नंतर पाहू."

"पायलं आमी, नंतर काय होते ते."

तासभर हेच चालले. शेवटी आतून त्यांची आई ओरडली, "डोम्या, बंदूक जाऊ दे! लेकरू जाऊन रायलं माजं!"

दार उघडले. वाटेत सौंदड गाव येण्यापूर्वीच सखाराम गेला.

प्रेत घेऊन परतलो, तेव्हा डोमाजींनी कोणी न मागता उरलेल्या दोन बंदुका आणून ठेवल्या.

"आता लिवून घ्या. वापस भेटतील?"

लपवलेली हत्यारे जप्त करण्याचा हुकूम होता. "नाही," मी म्हणालो.

"मंग सकाळी आमचं काय चुकलं?"

मी दोन्ही बंदुका जप्तीत लिहून घेतल्या. पुढे वरिष्ठांनी जमा बंदुका मोजून ते नोंदणी शिबिर यशस्वी ठरवले.

बंदुकीला एक ठरलेला मालक असला, म्हणजे तिच्या पोटात काय आहे ते निदान एका माणसाला ठाऊक असते. नोंदणीचा खरा उपयोग तेवढाच. पण ते पटायला सरकारवर भरवसा लागतो, आणि तो आम्ही निवडणुकीच्या वेळीच बंदुकांबरोबर जमा करून घेतला होता.

हवालदाराकडून दोन्ही बंदुका रिकाम्या करवल्या. जीपची मागची बैठक धुऊन घेतली आणि बंदुका पोत्यात गुंडाळून तिथे ठेवल्या.