निघालेला माल मिस्त्रीचा

निवृत्ती म्हणजे माझे दाजी, वत्सलाताईचे यजमान. सायखेड्याला राहतात. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी असा की म्हशीनं शिकवणी लावावी. त्यांना ज्यानं फसवलं त्याच्याबद्दल मला शांतपणे बोलता येणार नाही, तेव्हा तशी अपेक्षाच ठेवू नका. मी देवळाली कॅम्पात वर्द्या शिवतो. दिवसभर साहेबलोकांसमोर तोंड मिटून टेप धरायची असते, त्यामुळं बाकी ठिकाणी माझं तोंड जरा सुटलेलंच असतं.

दाजींचा धंदा लग्नकार्याला भांडी भाड्यानं द्यायचा. पातेली, काहिली, झारे, पंगतीची ताटं. हे सगळं जायचं त्यांच्या पिकअपमधून. गाडी आबांची, म्हणजे दाजींच्या वडलांची. आबांनी ती आमच्या कॅम्पातल्या लष्करी लिलावात घेतली होती. पुढं गोल दिवे, नाकाड जीपसारखं, मागं लोखंडी हौदा, आणि इंजिन पेट्रोलचं. गोदाकाठच्या गावांत तिचा आवाज लोक लांबून ओळखायचे. आचारी तर तो ऐकला की चुलीत लाकडं सारायला घ्यायचा.

पण पेट्रोल प्यायची ती. आमची ताई म्हणायची, "ही गाडी नाय, सवत हाय माझी. मला एवढं नटवलं असतं तर मी राणी दिसले असते." त्यात नाशिकहून टोप्या घातलेली हौशी मंडळी यायला लागली. गाडीभोवती फिरायची, फोटो काढायची, आणि जाताना हळूच विचारायची, काका, देणार का? ताईनं शेवटी सांगून टाकलं. एक तर गाडीनं आपलं पोट आपण भरावं, नाय तर त्या टोपीवाल्यांना देऊन टाका.

दाजींना गाडी द्यायची नव्हती. सगळी गोष्ट एवढीच आहे. गाडी दारात राहावी म्हणून ते काय वाट्टेल ते करायला तयार होते, आणि हे ज्याला सगळ्यात जास्त माहीत होतं तो शेखर.

शेखर दाजींचा लंगोटीयार. दोघं एका बाकावर शिकले, एका नदीत पोहले, एकाच वर्षी नापास झाले. पुढं शेखर नाशिकला गेला आणि अंबडला त्यानं गॅरेज टाकलं. बोलायला इतका मवाळ की वाटावं ह्याला मुंगी तरी मारता येते का. गोगलगाय अन् पोटात पाय, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर कळला.

दाजींचं म्हणणं होतं, आहे तेच इंजिन उघडून नीट करावं, थोडं तरी पेट्रोल वाचेल. शेखर म्हणाला, आण गाडी, बघतो. इंजिन उघडलं आणि मग दाजींना फोन केला की निवा, ये जरा. दाजी एकटेच गेले. मी त्या दिवशी कॅम्पात एका पलटणीच्या वर्द्यांच्या मागं लागलो होतो. परत आले ते चेहरा पाडून. म्हणाले, "इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेलाय. आतून. वेल्डिंग बी चालणार नाय म्हणतो."

"तुम्ही पाहिला का तडा?" मी विचारलं.

"शेखरनं बॅटरी मारून दाखवला ना. चष्मा घरी राहिला होता माझा. पण शेखरनं पाहिला म्हणजे झालं की."

मी म्हटलं, दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू. दाजी माझ्यावर असे उखडले की विचारू नका. आमच्याकडं मिस्त्री बदलणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं. एकानं उघडलेलं इंजिन दुसऱ्याला दाखवायचं म्हणजे पहिल्याला चोर म्हणायचं. दाजी म्हणाले, "शेखरवर शंका घ्यायची तर मग मी विश्वास ठेवू कुणावर?" मला वाटलं, बरोबर आहे की.

मग ठरलं, डिझेल इंजिन टाकायचं. शेखरच म्हणाला, जुन्या गाडीत डिझेल घातलं की ती अजून वीस वर्षं मरत नाही. आरटीओचे कागदही मी बघतो, म्हणाला. दाजींचा चेहरा उजळला. आणि सुरू झालं इंजिन बघायला हिंडणं. मला बरोबर नेलं, कारण मला गाड्यांतलं काही कळत नाही आणि मी मध्ये बोलणार नाही, असा त्यांचा गैरसमज होता.

आमच्या ताईला बघायला आले तेव्हा दाजींनी पोहे संपायच्या आत होकार दिला होता. इंजिनाच्या बाबतीत मात्र नवऱ्या मुलाच्या आत्यासारखे नखरे. पहिलं पाहिलं ते एका नव्या जीपचं. अपघातात गाडी गेली होती, इंजिन धडधाकट होतं. ताकद म्हणाल तर आमच्या पिकअपचा सांगाडा वाकवील एवढी, आणि सगळा कारभार कॉम्प्युटरवर. दाजी म्हणाले, "ह्याला स्वतःचं डोकं हाय. ज्याला डोकं हाय ते माझं ऐकणार नाय. घरात एक हाय तेवढं बास." ताईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

दुसरं ट्रॅक्टरचं. ओढायला राक्षस, पण पळायला नको, आणि थरथर एवढी की उभं राहून बघताना माझे दात वाजले. दाजी म्हणाले, "पातेली सायखेड्याहून निघतील अन् निफाडला चाळण्या होऊन पोचतील."

मग जुन्या मॅटॅडोरच्या धाटणीचं एक चार सिलिंडरचं कुणीतरी सुचवलं. कॉम्प्युटर नाही, टर्बो नाही, रस्त्यात बंद पडलं तर कुठल्याही गावात पाना लावता येईल असं. भंगारवाल्यानं किल्ली फिरवली आणि ते झटक्यात सुरू झालं. मी खूश. दाजी वळले आणि चालायला लागले. मी मागं पळालो. ते म्हणाले, "किल्ली फिरवायच्या आधी मी ब्लॉकला हात लावला होता. गरम होता. आपण यायच्या आधी तापवून ठेवलं होतं त्यानं. तापलेलं इंजिन कुणाचंबी सुरू होतं. सकाळी गार असताना कसं उठतं, ते खरं."

तसंच इंजिन शेवटी दुसऱ्याकडं मिळालं. हात लावला, गार. सुरू व्हायला जरा कुरकुरलं, पांढरा धूर टाकला, मग निवळलं. दाजींनी तेल ओतायचं झाकण काढून वर तळवा धरला, आतून वाफेचा जोर येतो का बघितलं, कान लावला, आणि म्हणाले, "हेच." परक्याच्या इंजिनाला असा हात लावून बघणारा माणूस दोस्ताच्या शब्दाला मात्र हात लावून बघत नाही. आता हे सुचून काय उपयोग म्हणा.

शेखरनं काम झकास केलं, खोटं कशाला बोलू. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स जोडायला जाड पत्र्याची चकती घडवली, इंजिन टेकायला नवे पाय बसवले, रेडिएटर मोठा घातला. जुनं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलं होतं. दाजींनी त्याला हळदकुंकू लावलं, डोकं टेकवलं आणि बाहेर आले. मी म्हटलं, दाजी, घेऊन चला ना, शेडमध्ये पडेल. दाजी म्हणाले, "निघालेला माल मिस्त्रीचा." आमच्या भागातली ही जुनी रीत. बदललेला पार्ट मिस्त्री ठेवून घेतो, गिऱ्हाईक मागत नाही. मागणारा कद्रू ठरतो. दाजींनी आयुष्यात कधी जुनी क्लचप्लेटसुद्धा मागितली नव्हती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शेखर मान खाली घालून पाना पुसत होता.

गाडी दारात राहिली. आवाज बदलला, आचारी आता ट्रॅक्टर आला की काय म्हणून बघतात, पण राहिली. ताई खूश झाली. दिवाळीत तिनं शेखरच्या बायकोला, गोजराबाईला घरी बोलावून साडी नेसवली, ओटी भरली. मी स्वतः शेखरला सफारी शिवून दिली. आमच्या घरात त्याचं नाव देवाच्या खालोखाल घेतलं जायचं. जळलं मेलं ते नाव.

थंडीत कॅम्पाच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. मीच दाजींना बोलावलं, म्हटलं तुमच्या गाडीच्या बहिणी बघायला या. दाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. हिंडता हिंडता एकदम थांबले. समोर हुबेहूब त्यांच्यासारखी पिकअप, रंग ताजा हिरवा, बॉनेट उघडं. पुढं पाटी, मूळ पेट्रोल इंजिनासह. दाजींना काय आनंद झाला. "बघ खंडू, ह्याचं वाचलंय," म्हणाले. मालक मुंबईचे एक साहेब होते, भले गृहस्थ. दाजींची उत्सुकता बघून म्हणाले, या ना काका, बघा जवळून.

दाजींनी सवयीनं ब्लॉकला हात लावला. हात फिरवत फिरवत खाली गेला, आणि तिथंच राहिला. मला वाटलं चटका बसला. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं, माझी बोटं धरून आत नेली. रंगाखाली एक खडबडीत गाठ लागली. दाजी हळू म्हणाले, "आबांच्या हातून इथला बोल्ट बसायचा कान तुटला होता. पितळ ओतून जोडून घेतला होता, ह्याच कॅम्पात. मी लहान होतो, टॉर्च धरून उभा होतो."

साहेबांनी गाडी सुरू करून दाखवली. अर्ध्या फिरकीत उठली. दाजी डोळे मिटून ऐकत होते. तेवढ्यात हातात चहाचे दोन ग्लास घेऊन शेखर आला. मी शिवलेली सफारी अंगात. आम्हाला बघितलं आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"शेखर," दाजी म्हणाले, "हे आमचं हाय."

"निवा, इथं नको."

"तडा कुठं हाय? आज चष्मा आणलाय मी. दाखव."

शेखरनं चहा बाजूला ठेवला. आवाज तोच, मवाळ, लोण्यासारखा. "निवा, ह्या साहेबांची गाडी कधीची इंजिनावाचून माझ्याकडं पडून होती. असलं इंजिन आता मिळत नाही रे. तुझं काम अडलं का? गाडी पळतीये ना? आणि निघालेला माल मिस्त्रीचा, हे तूच म्हणतोस. मग मिस्त्रीनं त्याचं काय केलं ते विचारायचं नसतं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. त्यांचीच रीत, त्यांचाच मोठेपणा, आणि त्यानंच त्यांना कापलं. माझा हात त्याच्या गळपट्टीला गेलाच होता, मीच शिवलेल्या. दाजींनी माझं मनगट धरलं.

साहेबांना अंदाज आला असावा. ते जवळ येऊन म्हणाले, "काय झालं काका? इंजिनात काही दोष आहे का? मी पुढच्या महिन्यात गोव्यापर्यंत नेणार आहे." शेखर दाजींकडं बघत होता. असं लाचार तोंड मी त्याचं कधी पाहिलं नव्हतं. एक वाक्य दाजींनी बोलायचा अवकाश होता.

"नाय साहेब," दाजी म्हणाले. "ह्या इंजिनाला कधीच काही झालं नव्हतं. खुशाल न्या." हे बोलताना बघत होते शेखरकडं.

त्यांना एकट्याला जाऊ द्यायला माझं मन होईना, म्हणून मीही पिकअपमध्ये बसलो. नाशिकरोड मागं पडेपर्यंत मी बडबडत होतो. साहेबांना का नाही सांगितलं, पोलिसात जाऊ, त्याच्या गॅरेजसमोर जाऊन बसू, गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही. डिझेलच्या आवाजात ओरडून ओरडून माझा घसा बसला. दाजी नुसते गाडी चालवत होते. चांदोरी जवळ आल्यावर बोलले.

"तडा दाखवला ना शेखरनं, त्या दिवशी मी रडलो होतो. तुला सांगितलं नाय. तुझ्या ताईला बी नाय. आबा गेले तेव्हाबी येवढा रडलो नव्हतो. तिथंच, त्याच्या गॅरेजात, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून. तो माझ्या पाठीवरनं हात फिरवत होता. म्हणला, रड निवा, मोकळा हो."

दाजींनी गिअर बदलला.

"इंजिन चांगलं होतं, खंडू. माझ्या पाठीवरनं हात फिरवत होता तेव्हा त्याला म्हाईत होतं, हो ना?"

मी म्हटलं, "नसंल हो म्हाईत, दाजी. तेव्हा त्यालाबी तडाच वाटला असंल. नंतर कधीतरी नियत फिरली असंल."

दाजींनी गाडी कडेला घेतली, बंद केली.

"खंडू," ते म्हणाले, "तू तरी खोटं नको बोलू."