चेहरा दिसायला हवा

माधुरी घाडीच्या वडिलांचा हात मोडला त्या रात्री आमच्या गल्लीतल्या कुणीही दार उघडलं नाही. मीही नाही. आवाज सगळ्यांनी ऐकला. लोखंडी सळई आधी दारावर बसली, मग हाडावर. हाडावर बसल्याचा आवाज वेगळा येतो, हे मला त्या रात्री कळलं. दोन मिनिटांत सगळं संपलं. धावती पावलं नाहूर स्टेशनच्या बाजूला गेली, आणि मग आम्ही एकेक करून बाहेर आलो.

दत्तारामकाका उंबऱ्यावर पडले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. उजवा हात कोपराखाली नको तिथे वाकला होता. माधुरी शेजारी बसून लाटण्याला लावून तो हात ओढणीने बांधत होती. ती एका लॅबसाठी पहाटे घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेते, त्यामुळे रक्ताने तिचा हात थरथरत नाही. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "टोपी होती, तोंडाला रुमाल होता, पण हर्षदच होता."

हर्षद तिचा नवरा. कांदिवलीला आई आणि धाकट्या भावासोबत राहायचा. अकरा वर्षं माधुरीने त्याचा मार खाल्ला. एकदा कानाखाली अशी बसली की डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं. एकदा त्याने तापलेला तवा तिच्या मनगटाला लावला. गेल्या दिवाळीनंतर ती दोन पिशव्या घेऊन बापाकडे आली आणि तिने घटस्फोटाचा अर्ज केला. मग फोनवर धमक्या सुरू झाल्या, म्हणून तिने दारावर कॅमेरा बसवून घेतला. तो बसवून जेमतेम महिना झाला होता.

त्या कॅमेऱ्यात काहीच दिसलं नाही. म्हणजे एक माणूस येताना दिसला, पण डोकं असायला हवं तिथे पांढरा डाग होता. फिटरने कॅमेरा पडवीच्या पत्र्याला अगदी चिकटून लावला होता. अंधारात कॅमेरा स्वतःचा प्रकाश सोडतो, आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. तो पत्र्यावर आणि समोरच्या चुना मारलेल्या भिंतीवर आपटून परत येत होता, आणि त्या झळाळीत माणसाचा चेहरा धुऊन निघाला होता. हातातली सळई तर नुसता एक फराटा. चौकीतल्या साहेबांनी ते चार वेळा पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, हा माझा मेव्हणासुद्धा असू शकतो."

शिवाय हर्षद त्या रात्री अंधेरीच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये ड्युटीवर होता. तिथल्या कॅमेऱ्यात तो स्वच्छ दिसत होता, कांदे कापताना. माधुरीने ते मानलं नाही. वेळ बदलली असेल, मित्र खोटं बोलत असतील, असं ती म्हणत राहिली. गल्लीत कुजबुज सुरू झाली की बाई आता काहीही आरोप करायला लागली. त्या कुजबुजीत मीही होते, हे लपवून काय उपयोग.

त्या दिवसांत तिच्याकडे नेमाने यायचा तो एकटा सुयोग, हर्षदचा धाकटा भाऊ. सत्तावीस वर्षांचा, खालमानेने बोलणारा. काकांना चिकू आणायचा, पाया पडायचा, प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसायचा. दादाचं चुकलं असेल वहिनी, पण घर मोडू नका, एवढंच त्याचं म्हणणं. आम्हा सगळ्यांना तो आवडायचा.

माधुरीने फिटरला परत बोलावलं. तो आला, मोबाइलवर दोन ठिकाणी बोट लावलं, सेटिंग ऑटोवर आहे, बेस्ट आहे, असं सांगून गेला. तेव्हा तिने ठरवलं की हे आपणच करायचं.

अकरा रात्री ती ते करत होती. काका खाटेवर पडून डाव्या हातात फोन धरायचे. माधुरी टोपी घालून, तोंडाला रुमाल बांधून गल्लीच्या तोंडाशी जायची आणि तो माणूस आला होता तशी दाराकडे चालत यायची. दिसतंय का ते काका आतून सांगायचे. आधी तिने कॅमेऱ्याचा प्रकाश कमी केला, तर पांढरा डाग गेला आणि सगळं करडं झालं. उभी राहिली की रुमालावरचे डोळे कळायचे, भरभर चालली की फरफटायचे. मग तिला सेटिंगमध्ये सापडलं की कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी राहावी हे आपल्याला ठरवता येतं. ती लवकर मिटेल असं केलं, तर चित्र काळं पडलं. म्हणून दारावर पिवळा बल्ब लावला आणि रात्रीही रंगीत चित्र घ्यायचं ठेवलं. तरी वरून नुसती टोपीच दिसे. शेवटी तिने एक बटणाएवढा नवा कॅमेरा आणून दाराच्या चौकटीला बाजूने, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर लावला. जुना पत्र्याखाली तसाच राहू दिला.

अकराव्या रात्री तिने रुमाल सोडला आणि पडद्याची दांडी हातात घेतली. हात वर गेल्यावर चेहऱ्यावर सावली पडते का ते बघायचं होतं. ती धावत आली आणि दांडी उगारली.

आतून काका किंचाळले. ती आत गेली तर ते खाटेखाली पडले होते, मोडका हात डोक्यावर घेऊन, आणि त्यांचा लेंगा ओला झाला होता. फोन जमिनीवर चालूच होता.

"माका नको दाखव ता," ते म्हणत होते. "माधुरी गो, माका नको दाखव."

तिने त्यांना उचलून बसवलं. पाणी दिलं, लेंगा बदलला. आणि मग विचारलं, "बाबा, तोंड दिसलं?" या प्रश्नाची तिला अजून लाज वाटते, असं तिने मला पुढे सांगितलं.

काकांनी जमिनीवरचा फोन पालथा केला. मग म्हणाले, "दिसला. तुझा तोंड दिसला."

त्यानंतर चोवीस दिवसांनी तो परत आला. रात्रीचे अडीच झाले होते. त्याने आधी पत्र्याखालचा जुना कॅमेरा सळईने फोडला. मग दारावर तीन घाव घातले आणि कडी उचकटली. आत अंधार होता. पहिला फटका माधुरीच्या खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. ती खाली पडली, त्याने तिच्या पोटात लाथा घातल्या, एक, दोन, तीन. तिच्या हाताला ओट्याखालचा वरवंटा लागला. तो तिने पडल्या पडल्या त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो वाकला, तिचं तोंड दाबायला गेला, तर तिने त्याच्या हातात दात रुतवले आणि सोडले नाहीत. काकांनी प्लास्टरचा हात गदेसारखा फिरवून त्याच्या तोंडावर मारला. प्लास्टर तडकलं आणि काका त्या फटक्यासरशी कोसळले.

या वेळी आम्ही दारं उघडली. समोरचे यज्ञेश पावसकर बांबू घेऊन धावले, मी हातात आलं ते, म्हणजे कपड्यांची काठी, घेऊन बाहेर पडले. तो आमच्यामधून लंगडत निसटला. त्याच्या मनगटातून रक्त गळत होतं, आणि ते गल्लीभर पडत गेलं.

माधुरी ॲम्ब्युलन्समध्ये बसायला तयार नव्हती. तिचा हात उचलत नव्हता म्हणून मी तिच्यासमोर फोन धरला. चार सेकंदांचं चित्र होतं. जुना कॅमेरा फोडून झाल्यावर त्या माणसाला वाटलं असणार की आता बघणारं कुणी नाही. त्याने धाप टाकत रुमाल खाली ओढला, तोंडावरचा घाम पुसला आणि रुमाल परत वर घेतला. पिवळ्या उजेडात पापण्यासुद्धा दिसत होत्या.

सुयोग होता.

"किरणताई, परत लाव," ती म्हणाली. मी तीन वेळा लावलं. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर तिने विचारलं, "मग हर्षद कुठाय?" अकरा वर्षांची भीती एका चेहऱ्याशी बांधलेली होती, आणि समोर दुसराच चेहरा आला होता.

सकाळी पोलिसांनी सुयोगला कांदिवलीच्या घरातून उचललं. हातावर दातांच्या जखमा होत्या, गुडघा टम्म सुजला होता. दोन्ही वेळा मी एकटाच होतो, असं त्याने सांगितलं. दादाला ठाऊक नव्हतं. सून गेल्यापासून आई धड जेवत नव्हती, दादा दारू पिऊन रडायचा. वहिनी घाबरली की तिकडे राहणार नाही, परत येईल, असं त्याला वाटलं होतं.

आठवड्याने माधुरी गळ्यात हात अडकवून जबाब द्यायला चौकीत गेली, तेव्हा मी सोबत होते. सुयोग बाकावर बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबांचा हात मांडीवर घेऊन बसायचास," ती म्हणाली. "तेव्हा काय वाटायचं तुला?"

"वाईट वाटायचं, वहिनी. खरंच."

तिने धड असलेल्या हाताने त्याच्या तोंडात मारली. मग परत मारली. त्याचा ओठ फुटला. हवालदार उठले, पण सावकाश उठले.

मग ती टेबलाशी बसली आणि पहिल्या हल्ल्याच्या तक्रारीतून हर्षदचं नाव काढायला सांगितलं. तिच्या वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं की असू दे, घटस्फोटाला उपयोगी पडेल. माधुरीने ऐकलं नाही. "त्याने जे केलंय ते पुष्कळ आहे," ती म्हणाली. "नाही केलं ते कशाला लिहू?"

हर्षदने मार्चमध्ये संमतीच्या कागदांवर सह्या केल्या. तो तिच्याकडे बघत नव्हता. सुयोगचा खटला चालू आहे. त्याच्या वकिलाने कोर्टात मुद्दा काढला की बाईने स्वतः सेटिंग बदलल्या, तेव्हा चित्र खरं कशावरून? माधुरीने वीस मिनिटं उभं राहून न्यायाधीशांना सगळं समजावलं, प्रकाश का कमी केला, झडप का बदलली, बल्ब पिवळाच का. त्यांनी मध्ये दोन प्रश्न विचारले आणि लिहून घेतलं.

दत्तारामकाकांचा हात आता मनगटात वळत नाही. ते डाव्या हाताने जेवतात, आणि अंधार पडला की खाट दारापासून लांब ओढायला लावतात. माधुरीचं हाड जुळलं, पण त्या खांद्याला ओझं सोसत नाही. नमुन्यांची पेटी ती दुसऱ्या हाताने उचलते आणि साडेपाचला मुलुंडकडे कामाला निघते. खटल्याची पुढची तारीख नोव्हेंबरात आहे.