कवंदाचं पोट

माझी फुफू, म्हणजे आत्या, इमामबी माणसाच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. तिची नजर थेट कपड्यांवर जायची. आमच्या हुणसेकोपात कुणाकडे पाहुणा आला की फुफू पहिली हजर. पाहुणा गेल्यावर तिला विचारावं, कसा होता माणूस, तर म्हणायची, कॉलर विरलीय पण पाठ पक्की आहे, दोन वर्षांनी कामाला येईल. चुलत्याच्या मुलीच्या लग्नाहून परत आली तेव्हा नवरा उंच की ठेंगणा हे तिला सांगता येईना, पण त्याच्या कोटाचं अस्तर वांगी रंगाचं होतं ही बातमी तिने संध्याकाळपर्यंत तीन घरी पोचवली.

फुफू कवंदं शिवायची. गोधडी म्हणा हवं तर, पण तिच्यासमोर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आम्हा सिद्द्यांच्या वस्तीत बायका सगळ्याच शिवतात. बाकीच्या थंडीसाठी शिवायच्या, फुफू मात्र चिंध्यांच्या प्रेमापोटी. चिंध्यांचं बोचकं सोडून बसली की चुलीवरचा भात करपला तरी तिला वास यायचा नाही. एक पिवळा तुकडा लालाशेजारी ठेवायची, मान तिरकी करून बघायची, उचलून हिरव्याशेजारी ठेवायची आणि एकटीच खुदकन हसायची. तेवढ्यात कुणी आलं तर लाजायची सुद्धा.

ह्या प्रेमाचा त्रास गावाला. आमच्या वस्तीत लोक कपडे वाळत घालून शेजारी राखण बसवायचे. नवा सदरा घालून कुणी समोरून गेला की फुफू विचारायची, अजून किती दिवस घालणार हा? कुणी आजारी पडलं की ती पेज घेऊन जायची. घरचे पेज ठेवून घ्यायचे आणि ट्रंकेला कुलूप लावायचे. तिच्या नवऱ्याची, म्हणजे फुफाची, लुंगी दर वर्षी चार बोटं आखूड होत गेली. तो बिचारा भोळा, सगळ्यांना सांगायचा की मी म्हातारपणी उंच होतोय. फक्त जंगलखात्याच्या गार्डाचे कपडे तिने कधी मागितले नाहीत. खाकीखाली झोप लागत नाही, माणूस दचकून उठतो, असं तिचं म्हणणं होतं.

मी तिच्या धाकट्या भावाची मुलगी. पुढे तिच्या मुलाशी, दस्तगीरशी, माझं लग्न झालं आणि फुफूच माझी सासू झाली. माझी अम्मा कुलसुम तिची भावजय होतीच, ती आता विहीणही झाली. भांडायला एक नातं पुरेना म्हणून दोघींनी दुसरं जोडलं, असं अब्बा म्हणायचे.

भांडणाचं मूळ सांगायचं तर अम्मा नवी नवरी असताना तिच्या लग्नाच्या साडीचा पदर फुफूने कापून नेला होता. फुफूच्या मते पदर कुंपणाला अडकून आधीच फाटला होता, तिने फक्त फाटलेलं सरळ केलं. अम्माच्या मते ती चोर होती. त्या दिवसापासून सत्तावीस वर्षं अम्मा तिच्याशी थेट बोलली नाही. बोलणं बंद नव्हतं, उलट भरपूर होतं, पण सगळं आधी दादीमार्फत आणि मला बोलता यायला लागल्यापासून माझ्यामार्फत. एकाच ताटाला बसलेल्या असल्या तरी अम्मा मला म्हणायची, तुझ्या फुफूला सांग, मीठ सरकव म्हणावं. फुफू मीठ सरकवायची आणि मला म्हणायची, तुझ्या अम्माला सांग, आमटी आधीच खारट आहे.

मला दिवस गेले आणि खरी लढाई सुरू झाली. बाळाचं पहिलं कवंद दोघींना शिवायचं होतं. त्याच्या पाठीला घरातल्या गेलेल्या म्हाताऱ्या बाईची साडी लागते, तिचा हात बाळाच्या पाठीशी राहावा म्हणून. आमच्या दादीची एकच साडी उरली होती, निळ्या चौकड्यांची, आणि ती होती अम्माच्या ट्रंकेत. फुफू म्हणाली, साडी माझ्या आईची. अम्मा म्हणाली, माझ्या सासूची, शेवटची तीन वर्षं तिचं सगळं मी केलं. साडी कापून दोन करावी तर ते अशुभ. शेवटी अब्बांनी निकाल दिला की कवंद एकच होईल आणि दोघी मिळून शिवतील. एवढं बोलून ते पंधरा दिवस बहिणीच्या आणि बायकोच्या वाटेला गेले नाहीत.

आता आमचं कवंद कडेपासून शिवत आणतात. कडेने एक फेरा, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असं करत मध्ये यायचं. शेवटी तळहाताएवढी जागा उरते, ते कवंदाचं पोट. त्यात तांदळाचे चार दाणे ठेवून टाके घालायचे, कारण उपाशी कवंदाखाली मूलही उपाशी राहतं. आणि जी बाई पोट भरते तिचा लळा मुलाला जन्मभर लागतो, असं आमच्याकडे मानतात. म्हणजे कडा कुणीही शिवो, सगळा जीव त्या मधल्या तळहातभर जागेत.

फुफूने मला एकटीला गाठून सांगितलं, "तुझ्या अम्माला चार पोरं आहेत. आज ना उद्या चार घरी पाळणे हलतील. माझ्या दारात हा एकच. पोट मीच भरणार, तू मध्ये पडू नकोस."

अम्माने मला वेगळं गाठून तेच सांगितलं, फक्त तिचं कारण लहान होतं. ती म्हणाली, "पदर गेला तेव्हा मी गप्प बसले. आता नाही."

झालं. दोन हात लांबीच्या त्या कवंदाच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसू लागल्या. मी मध्ये खाटेवर, पोट सांभाळत, निरोप पोचवत. फुफूचा टाका गावात प्रसिद्ध होता, तांदळाच्या कणीएवढा. अम्मा घाईची बाई, तिचा टाका बोटभर. फुफू मला म्हणायची, हे टाके नव्हेत, बेडकाच्या उड्या आहेत. त्यावर अम्मा म्हणायची, तुझ्या फुफूला सांग, थंडी टाके मोजत बसत नाही.

रोज सकाळी फुफू माझ्याकडून सात सुयांमध्ये दोरा ओवून घ्यायची. गर्भारणीच्या हातचा दोरा तुटत नाही म्हणे. ही समजूत त्याआधी वस्तीत कुणी ऐकली नव्हती.

अम्मा झपाझप पुढे जायची, पण तिचा फेरा काही केल्या आत सरकेना. कारण मला दिसत होतं. अम्मा पाण्याला गेली की फुफू कवंद फिरवून घ्यायची, अम्माचे बेडूक एकेक करून उसवायची आणि तिथे आपल्या कण्या पेरायची. वाईट टाका बघितला की तिच्या जिवाची तगमग व्हायची. पण त्यात वेळ जायचा आणि तिची स्वतःची बाजू तशीच राहायची. अम्मा परत आल्यावर कवंदाकडे एकदा बघायची, काही न बोलता पुढचे टाके घालायची, आणि ते आदल्या दिवशीपेक्षाही मोठे. मला वाटलं, फुफूला डिवचण्याचा हा तिचा डाव. ती उसवत बसेल, हिचं फावेल. मनात म्हटलं, अम्मा दिसते तेवढी साधी नाही.

एके दुपारी फुफू जेवून आडवी झाली होती. माझा डोळा लागला होता तो उघडला, बघते तर अम्मा फुफूच्या बाजूला बसून फुफूचे टाके उसवत होती. मी ओरडणारच होते. वैर कितीही असो, फुफूच्या टाक्याला हात लावायचा म्हणजे मशिदीची वीट काढण्यासारखं. तेवढ्यात मला तो टाका नीट दिसला. वेडावाकडा गेला होता. एक इथे, एक तिथे, दोन ठिकाणी तर सुई कापडाबाहेरूनच गेलेली. अम्माने तो काढला आणि त्या जागी नवा घातला, तांदळाच्या कणीएवढा, हुबेहूब फुफूचा.

मी विचारलं, तुला असा टाका येतो? ती वर न बघता म्हणाली, "येतो. तुझ्या दादीने आम्हा दोघींना एकाच दिवशी शिकवला. तू तोंड उघडलंस तर बघ."

मला सगळा उलगडा झाला. फुफूला सुईचं नेढं दिसत नव्हतं, टाका दिसत नव्हता, आणि हे वस्तीत कळलं तर तिच्या नावाचं काय उरणार? मला रडू आलं आणि हसूही आलं. दोन महिने दोन बाया एकमेकींची पाठ फिरली की एकमेकींचं उसवत होत्या आणि बाळाचं कवंद जिथल्या तिथे. मी कुणालाच काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर दोघी एका छपराखाली बसल्या होत्या ह्याचाच मला एवढा आनंद होता की कवंद वर्षभर पुरं झालं नसतं तरी चाललं असतं.

बाळाला मात्र तेवढा धीर नव्हता. पंधरा दिवस आधीच, भर दुपारी, मुलगी झाली. सहाव्या दिवशी छट्टीला तिला पाळण्यात घालायचं, तेही कवंदावर. आता येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची घरात गर्दी, चोरून उसवायला कुणालाच फुरसत नाही. त्यामुळे पाच दिवसांत कवंद जे धावलं ते चार कोपऱ्यांना कापडाची फुलं लागून मध्ये तळहाताएवढं पोट उरेपर्यंत धावलं.

छट्टीच्या सकाळी दहाबारा बायका कवंदाभोवती गोल करून बसल्या. दोघींचं वैर सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे लग्नाला आली नसती एवढी गर्दी. आणि फुफू उठून दाराशी जाऊन बसली. मला म्हणाली, तुझ्या अम्माला सांग, तिनेच पोट भरावं, माझी कंबर धरलीय. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कंबरेला काही झालेलं नव्हतं. एवढ्या बायकांसमोर सुई कापडाबाहेर गेली असती, ही भीती होती. 

अम्माने चार दाणे मध्ये ठेवले, सुईत दोरा ओवला, कवंद दोन्ही हातांवर उचललं आणि दाराशी गेली. फुफूच्या मांडीवर कवंद ठेवलं, हातात सुई दिली.

"आपा, घ्या. पोट तुम्ही भरा."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाला निरोप पोचवायचा नव्हता. 

फुफू हळू आवाजात म्हणाली, "माझे डोळे गेलेत, कुलसुम. तुला ठाऊक आहे. दुपारची माझ्या बाजूला बसतेस ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बोटं अजून शाबूत आहेत. एवढा सरळ टाका माझा तरुणपणीही नव्हता." मग तिने विचारलं, "आणि स्वतःच्या बाजूला तू ते बोटभर बेडूक कशाला सोडत होतीस?"

"लहान घातले असते तर तुम्हाला दिसले नसते," अम्मा म्हणाली. "मग उसवलं काय असतंत?"

फुफूने मान खाली घातली. तिने दाणे बोटाने चाचपले.

"टाका वाकडा जाईल गं."

"जाऊ द्या. उसवायला मी आहे."

फुफूने टाका घातला. तो वाकडाच गेला. अम्माने तो कधीच उसवला नाही.